विजयकुमार साहेबांची तीनचाकी

नाव: दौलत तुकाराम शिगवण, वय ४९ वर्षे, धंदा: टर्नर-फिटर, राहणार अल कुसैस, दुबई, मूळ गाव माखजन, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी गेली एकोणीस वर्षे विजयकुमार पटवर्धन (वय ६८, राहणार अल मनखूल) यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आज शनिवार, दि. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी ते बेपत्ता असल्याची खबर मीच दिली होती. ते सापडले आहेत.

मोटारी नुकत्या निघाल्या त्या काळातल्या एका प्रायोगिक तीनचाकीची नक्कल आम्ही दोघांनी जुन्या ड्रॉइंगवरून अडीच वर्षांत बनवली. एकच सीट, एकच सिलिंडर, चाकं सायकलसारखी, ती इंजिनवरून बेल्टने फिरतात. रेडिएटर नाही. टाकीतलं पाणी उकळून उडतं, ते पुन्हा ओतावं लागतं. आज पहिली लांब चाचणी होती. मदाम या गावाजवळच्या एका शेतमालकाने त्याच्या खासगी कच्च्या रस्त्याची परवानगी दिली होती.

साहेब ०८:१५ला निघाले. मी पाण्याचे कॅन घेऊन पिकअपने मागे होतो. शूटिंगसाठी त्यांनी स्वतःचा मोबाईल माझ्याकडे दिला होता. त्यांच्याजवळ पिण्याच्या पाण्याची एकच बाटली होती. ०८:४०ला पिकअप रेतीत रुतली. मी हॉर्न दिला, तो त्यांना ऐकू गेला नसावा. ते टेकाडापलीकडे गेले. इंजिनचा आवाज थोडा वेळ येत होता, नंतर आला नाही.

मी चाकांच्या खुणांवरून चालत गेलो. वाऱ्याने खुणा बुजत होत्या. ०९:३०ला त्या संपल्या. मी पोलिसांना ९९९ला फोन केला. साहेबांची बायपास झालेली आहे, हेही सांगितलं. त्यानंतर त्यांच्या पत्नी शोभनावहिनी यांना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "डोक्यावर टोपी आहे ना त्यांच्या?" एवढंच विचारलं. टोपी पिकअपमध्ये होती. मी "आहे" म्हणून सांगितलं. हे खोटं होतं.

१०:५५ला पोलिसांच्या गाडीने मला घेतलं. ११:२०ला उंटांच्या गोठ्याजवळ तीनचाकी दिसली. तिच्यावर कोणी नव्हतं. तिथून गोठ्याच्या शेडपर्यंत जायला किती वेळ लागला, ते मला सांगता येत नाही. शेडमध्ये साहेब खाटेवर बसून ताक पीत होते.

उंट सांभाळणारे तय्यब यांनी सांगितलं की, टाकी कोरडी पडून इंजिन थांबलं होतं आणि साहेब प्यायचं पाणी टाकीत ओतत होते. तय्यब यांनी त्यांचा हात धरला. "मैंने कहा, चाचाजी, पहले आप पियो. मशीन मरेगी नहीं."

साहेब मला म्हणाले, "दौलत, अकरा किलोमीटर झाले. बेल्ट एकदाही सुटला नाही."

मी त्यांचे बूट काढून आतली वाळू झटकली. मग वहिनींना फोन लावून दिला. साहेब बराच वेळ नुसतं "हो" म्हणत होते.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी तपासून तब्येत ठीक असल्याचं सांगितलं. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बेपत्ता असल्याची खबर रद्द करावी. यापुढे एकट्याने चाचणी घ्यायची नाही, अशी समज अधिकाऱ्यांनी दिली आहे. त्यावरून मी गाडीला दुसरी सीट बसवणार आहे. वजन वाढेल, अशी साहेबांची हरकत आहे. ती मला मान्य नाही.

हा जबाब दुभाषी रंजिता मॅडम यांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो.