स्वस्तिकाखालचा खटका

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? वायरमनवर, बायकोवर, की तुमच्या सीटखालच्या त्या लाल खटक्यावर? बसा, ड्रायव्हरच्याच सीटवर बसा, गाडी भाड्यानं न्यायची तर नीट बघून घ्या... तुम्हाला सांगतो, बोईसरात हार्डवेअरचं दुकान माझं, शाळा चौथीपर्यंत, पण तराजू केसभर कलला तरी झोपेत ओळखीन! आणि इथे? बंद आहे की चालू, देव जाणे!

ही जुनी व्हॅन घेतली, आत पलंग टाकला, पंखा, फ्रिज लावला. म्हटलं, लोक केळव्या-माहीमच्या किनाऱ्यावर नेतील, आतच झोपतील. पण फ्रिज उभ्या उभ्या बॅटरी पितो हो! सकाळी चावी फिरवली की गाडी मुकी! प्रफुल्ल वायरमन म्हणाला, "शेठ, कटऑफ बसवा. रात्री फिरवला का बॅटरी सुटी, सकाळी फिरवला का चालू. आमी हाय ना!" बसवला. गोल फिरणारा, वर चालू-बंदची अक्षरं... झक्क! तर आमची बायको हंसा म्हणते, "नवीन वस्तू, पूजा नको?" कुंकू पुसलं जाईल म्हणून माझ्याच दुकानातला ऑइलपेंट आणला आणि नेमकं अक्षरांवर स्वस्तिक काढलं! खरवडू म्हटलं तर, "स्वस्तिक खरवडता? धंदा बुडवायचाय?" आता तुम्हीच सांगा, बंद आहे की चालू?

परवा पहिलं भाडं. तारापूरच्या वसाहतीतले चंद्रभान, त्यांची साखरबाई, फ्रिजमध्ये आदल्या रात्रीच बर्फात घालून ठेवलेले मुरबे बंदरावरचे पापलेट... चावी फिरवली. मुकी! साखरबाई म्हणते, "अवं, ही गाडी हाय का खाट?" मी छाती काढून म्हटलं, रात्री खटका मी स्वतः बंद केला! हंसा म्हणाली, "मग मीपण केला की. तुमच्यावर कोण भरवसा ठेवणार?" म्हणजे बघा, मी बंद केला, आणि हिनं बंद करता करता चालू केला! रात्रभर फ्रिज प्याला, पार्टी रिक्षानं केळव्याला गेली, पापलेट मांडीवर!

बरं, बॅटरी संपली तरी गाडी मुकी, खटका बंद असला तरी मुकी! ओळखायचं कसं? बंद आहे की चालू?

पण आज नो टेन्शन. बॅटरी चार्ज केली, हंसा माहेरी मासवणला, खटका मी स्वतः चालू केला, पंखा लावून बघितला. हं, फिरवा चावी... फिरवा की! ...काय? काहीच नाही?

अहो... मघापासून तुमचा डावा हात कुठाय? सीटखाली? ऐकता ऐकता चाळा लागतोच माणसाला, मी रागावत नाही. पण एकदा फिरवलात, दोनदा, की तीनदा? पाया पडतो तुमच्या, हिशेब तेवढा प्रामाणिक सांगा!