मोळीएवढी टाकी

"हॅलो? … हां, अंगद, बोल. सापडलं का दुकान? … मग फोन का न्हाई केला? तीन वाजल्यापासनं जीव टांगणीला लागलाय माझा."

सोनईतल्या घराच्या ओट्यावर पंकजा उभी होती. फोन कान आणि खांद्यात दाबलेला, हातात कुणाच्या तरी ब्लाउजची अर्धी बाही. शिलाईचं काम दसऱ्यापर्यंत तुंबलेलं होतं आणि ती मात्र सकाळपासून नगरला गेलेल्या धाकट्या भावाच्या फोनची वाट बघत होती. अंगणात अंगदची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. सीटा काढून त्यानं तिच्यात दोन पलंग, एक शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास बसवला होता. शिर्डी करून पुढं भंडारदऱ्याला मुक्कामाला जाणारी हौशी मंडळी ती भाड्यानं नेत. उद्या सकाळी मात्र त्या गाडीतून त्यांची आई जाणार होती, आणि म्हणून हा सगळा घोर.

"हळू बोल, आई आतच हाय. … किती प्रकार हायत? … तीन. वीस लिटर, चाळीस लिटर, शंभर लिटर. बरं. … शंभर? शंभर कशाला रे? … अंगद, ऐक. अरे ऐक ना! ती पाणी भरून ठेवायची टाकी न्हाई!"

ही भावंडं मूळची पाथर्डीकडची, आणि तिकडच्या माणसाला टाकी म्हटलं की मोठीच दिसते. टँकर आला की ज्याचा बॅरल मोठा तो शहाणा, अशा गावात ही दोघं वाढली. पाणी येईल का, एवढीच काळजी त्यांना माहीत. वापरलेलं पाणी जाईल कुठं, ही काळजी त्या घरात पहिल्यांदाच आली होती.

"शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. चाकं असली म्हणून काय झालं? ओढणार कोण? … आन मोटरसायकलवर आणणार कशी, मांडीवर घेऊन? … अरे, तू दुकानदाराला नीट सांगितलं का? गाडीच्या पोटातली टाकी बारकी हाय, ती भरली की नळीनं ह्या सुट्या टाकीत उतरवायची, आन ही ओढत नेऊन संडासात ओतायची. … रानात न्हाई! ओढ्याला तर मुळीच न्हाई, कुणाच्या तरी प्यायच्या पाण्यात जायचं. … हां. … हां. म्हणजे तीन दिवस मोकळी करायलाच लागू नये, म्हणून शंभरची? … तसं व्हय."

भावाचा हेतू चांगला होता, हे तिला कळलं. वाटेत कुठं टाकी ओतायचा तमाशाच नको, आईला कानकोंडं व्हायला नको. पण चांगला हेतू गाडीखाली मावायला पाहिजे ना!

"उंची? कशाची? … गाडीखालच्या नळीची? थांब, बघते. … अगं बाई, किती चिखल हा. … हां, जमिनीपासनं एक वीत आन चार बोटं. … माझी वीत! तुझी कशाला धरतो, तुझा पंजा फावड्यायेवढा! … थांब, टेप आणते."

टेप गळ्यातच लोंबत होता. दिवसभर लोकांची मापं घेणाऱ्या बाईनं गाडीचं माप मात्र वितीनं घेतलं, यावरून तिच्या मनाची काय अवस्था होती ते समजून घ्यावं.

"हॅलो? साडेअकरा इंच. … शंभरची किती उंच? … चौदा. मग बसंल का ती नळीखाली? गेली शंभरची. आता वीस का चाळीस ते बघ. … झाकणाला रबर हाय का? घट्ट बसतं का? … वाकून बघ, लाजतो काय! आईच्या कानावर वासाचा 'व' जरी गेला तर ती गाडीतनं उडी मारंल. … हवेचं भोक कशाला? … अच्छा, ओतताना उघडायचं. न्हाई उघडलं तर? … गचके देत उडतं? अंगावर? देवा रे. लिहून घे ते, लिहून घे."

ती पुन्हा ओट्यावर आली. आवाज आणखी खाली गेला.

"ऐक. बनुमावशीच्या लेकीचा फोन आलता सकाळी. … जेवण सोडलंय म्हणे. डोळं उघडलं की 'लंका आली का' येवढंच विचारती. … न्हाई, आईला न्हाई सांगितलं. म्हणून म्हणते, उद्या म्हणजे उद्याच निघायचं. परवा न्हाई."

बनुबाई म्हणजे आईची, लंकाबाईची, जन्माची सोबतीण. ऊसतोडीच्या बत्तीस हंगामांत दोघींच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शेजारी शेजारी पडल्या. अंगद उसाच्या फडातच जन्मला, तेव्हा त्याची नाळ बनुबाईनंच कापली. आता ती कराडजवळ लेकीकडं अंथरुणाला खिळलेली. लंकाबाईला भेटायला जायचं होतं, पण तिला घडीघडीला लघवीला लागे. मागच्या महिन्यात निघाली होती एका जीपनं. नगर यायच्या आत तीनदा गाडी थांबवावी लागली. चौथ्यांदा ड्रायव्हरनं नुसता आरशातून बघितलं. ती तिथंच उतरली, घरी आली आणि जायचं नाव टाकून बसली. अंगदनं गाडीत संडास असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं पुन्हा तयार झाली.

"काय विचारतो दुकानदार? … किती माणसं? तीन. तू, मी, आई. … दिवसातनं किती वेळा? म्हणजे? … अच्छा, त्यावरनं लिटर काढतो. माझं चार धर. तुझं तुला म्हाईत. आईचं… थांब, विचारते."

लंकाबाई आत पलंगावर बसून मटकी निवडत होती. मटकी कधीच निवडून झाली होती, तरी निवडत होती.

"ए आई, तुला दिवसातनं किती वेळा जावं लागतं? … अगं, दुकानदार विचारतोय. … लाज कसली त्यात! … अंगद, दोनदा म्हणते. … व्हय, दोनदा. … मला काय दरडावतो, तीच म्हणते! … काल? काल तर… न्हाई, खरंच, काल गेल्यासारखी वाटली न्हाई. … गोळ्या घेते ना. मी हातावर देते. पाणी तांब्याभर सकाळीच भरून…"

पंकजा थांबली. पलंगाशेजारच्या तिपाईवर तांब्या होता. सकाळी सात वाजता भरलेला. अजून काठोकाठ, वर एक मुंगी पोहत होती.

"अंगद, फोन ठेवू नको. … आई, हा तांब्या सकाळचाच हाय? … मग कालचा रिकामा कसा झालता? … काय केलंस? मोरीत? मोरीत ओतलंस? … अंगद, हिनं कालपासनं पाणी पिलेलं न्हाई. … एक घोट न्हाई! गोळ्या कोरड्या गिळल्यात! … मी काय करत होते? मी मशीनवर होते, मला वाटलं तांब्या रिकामा होतोय म्हणजे पितीय!"

 लघवीच्या संसर्गानं आलेला सहा महिन्यांपूर्वीचा ताप पंकजाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. थंडी वाजून आईचे दात वाजत होते, ती पंकजालाच ओळखेना, बनुबाई समजून तिच्याशी बोलत होती. सहा दिवस सलाईन. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, रोज तीन लिटर पाणी, नाहीतर पुढच्या वेळी किडनी हातची जाईल.

"…रद्द करू? … न जाऊ म्हणतोस? … मला काय विचारतो रे! न्हाई गेलो तर बनुमावशी जाईल. गेलो तर ही वाटेत तापानं पडंल. मी काय करू, सांग मला! … रडत न्हाई. … न्हाई रडत."

खरं म्हणजे यात नवल काही नव्हतं. ऊसतोडीच्या बाया दिवस उजाडायच्या आत आडोशाला जाऊन यायच्या ते एकदम अंधार पडल्यावर. मधल्या वेळात फडात पुरुषमाणसं, मुकादम, ट्रकवाले. मग एकच उपाय, पाणी प्यायचं नाही. कोयता चालवायला शिकण्याआधी पोरी हे शिकायच्या. बत्तीस हंगाम लंकाबाईनं तहान दाबली, आणि हंगाम संपले तरी कुठं जायचं म्हटलं की तिचा घसा दोन दिवस आधीच बंद व्हायचा.

"आई, अगं गाडीतच हाय ना संडास! आता कशाला पाणी बंद केलंस? … काय? … परत म्हण. … हॅलो, अंगद… ती विचारती, ती टाकी ओतणार कोण. … व्हय, तेच विचारती. … मी सांगितलं, अंगद ओतंल म्हणून. … आता तोंड फिरवून बसली."

आणि मग पंकजाला उमगलं. गाडीत संडास होता, दाराला कडी होती, सगळं होतं. पण शेवटी ते सगळं लेकाच्या हातानं ओढून नेलं जाणार होतं, परक्या गावात, चार माणसांसमोर. ते होऊ नये म्हणून आई टाकी रिकामी ठेवायला बसली होती. 

"थांब, फोन मागती. … घे, ह्या बाजूनं बोल. ह्या."

लंकाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि नगरपर्यंत फोनशिवायच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली.

"ह्यालो. … म्या हाय. … ऐक आधी. … न्हाई. तू हात लावायचा न्हाई त्याला. … म्या तुजं धुतलं ते येगळं! तू ल्येकरू हुतास. … आरं बोलू दे की मला. ती टाकी भरली म्हंजी किती जड हुती? … किलो-बिलो मला कळत न्हाई. मोळीपरमानं सांग. उसाच्या मोळीपरीस जड, का हलकी? … चाळीसची मोळीयेवढी? … आन वीसची अर्धी मोळी. … आन चाकं हायती का त्या चाळीसवालीला? दांडी हाय का वढायला? … मंग तीच आन. … कोन म्हंजी? म्या वढीन. … गुडघ्याचं मला सांगू नगं. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढत हुते म्या, पोटात तू हुतास तवाबी. हिला तर चाकं हायती. … एकली न्हाई, पंकी हाय की संगं. आमी दोघी बाया नेऊ, बायांच्या संडासात वतू. तू गाडीपाशी बस."

 इतका वेळ पंकजा आणि अंगद लिटर, इंच, रबर यांचा हिशेब करत होते. जिच्यासाठी टाकी घ्यायची, तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"…आन बनीच्या लेकीला फोन लाव. म्हनावं, लंका उद्या येतीया. जेवली न्हाईस तर तोंड बघनार न्हाई तुजं. … मला कोन सांगतंय! कान हायती मला, भिताडाच्या आत बसले म्हनून काय झालं. … व्हय. … व्हय, पिते. … टाकी आल्यावर. … बरं, आत्ता. आत्ता पिते म्हनते ना!"

पंकजानं मुंगीचं पाणी कढीपत्त्याला ओतलं आणि माठातून तांब्या भरून आणला. लंकाबाईनं एका हातात फोन, एका हातात तांब्या धरला.

"आता गुमान ऐक. … आवाज ऐक."

फोन गळ्याशी लावून ती पाणी प्यायली. सावकाश, घोट मोजून. तांब्या अर्धा झाला तशी तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आला का आवाज? … हां. आन तुज्या बहिनीलाबी सांग काय ते. … मला वरडती, आन सकाळधरनं हिनं काय घेतलंय? काई न्हाई. म्या हितनं बगतीया की. उद्या गाडीत बसायचंय ना हिला. … इचार तिलाच."

पंकजा काही बोलायला गेली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. सकाळी उठल्यावर घेतलेला चहा, त्यानंतर खरंच काही नाही. मुद्दाम असं काही ठरवलेलं नव्हतं. प्रवास म्हटला की ती पीतच नसे. तिला वाटायचं, आपल्याला तहान कमी आहे.

लंकाबाईनं उरलेला अर्धा तांब्या तिच्यापुढं धरला.

"थांब रे, ठिवू नगं. … आता हिचं ऐक."

तिनं फोन लेकीच्या गळ्याशी लावला आणि तांब्या रिकामा होईपर्यंत काढला नाही.