मायाकांच्या ओबोकानोची नोंद

मंगळवार, सकाळचे साडेनऊ, सांस्कृतिक भवनाचं फाटक— असंच लिहा बाई पाहुण्यांच्या वहीत, आधी वार, मग वेळ, मग नाव. वेळ नीट लिहा, इथे तेवढी एकच गोष्ट खरी लिहिली जाते.

ओबोकानो बघायला आलात ना? सगळे त्यालाच बघायला येतात. या, पण काचेला हात नको. केवढं धूड आहे— हंड्याएवढं पोट, त्यावर गाईचं कातडं, दोन दांडे, आठ तारा. परवा शाळा आली होती, मास्तर म्हणाले, "मुलांनो, हा पूर्वजांचा ढोल." मी गप्प बसलो. मी ओन्सारे, इथला पहारेकरी, मला पगार गप्प बसण्याचाच आहे. अहो, ढोल कसला, बुटक्या तिवईवर बसून तारा छेडत वाजवायचं हे, बैलासारखं हंबरतं. म्हणजे— हे नाही हंबरत. का म्हणजे? काचेत आहे ना!

घेऊन जाणार? कुठे? —हो, कळलं, म्हातारे मायाका गेले, शुक्रवारी माती. वाद्य त्यांचंच, पाटीवर लिहिलंय. ते उशाशी वाजल्याशिवाय पुरू नका म्हणाले? म्हणणारच. पण नियम आहेत, अर्ज आहे, समिती आहे, समिती चहाशिवाय बसत नाही आणि बसली की उठत नाही— थांबा. नाव काय लिहिलंत मघाशी? बोनारेरी… मायाकांची बोनारेरी? अगं मग आधी नाही का सांगायचं! मी आपला बाई, बाई करत बसलोय.

वाकून बघू नकोस, लेकी. कडेला केस नाहीत. पांढरा चट्टाही नाही. माहीत आहे मला. तुझ्या लग्नात सासरकडून आलेली ती गाय, ती मेली तेव्हा मायाकांनी तिचंच कातडं चढवलं आणि कडेचे केस राखले, चट्ट्यासकट— लेकीची गाय ओळखू यावी म्हणून. अख्खा गाव हसला होता, "लेक गेली सासरी, गाय बसली गात." मीही हसलो होतो. आणि मीच त्यांच्या मागे लागून ते इथे आणलं. म्हटलं, घरात वाळवी लागेल, भवनात सुरक्षित राहील.

मी नाही बदललं ते! म्हणजे, हे बनवलं मी, पण बदललं नाही. साहेब आले, म्हणाले ओल लागलीय, दुरुस्तीला नेतो, आठ दिवसांत आणतो. आणलंच नाही. आणि पंधरवड्यात उद्घाटन! काच रिकामी ठेवू? घरातला प्लास्टिकचा टब घेतला, वर कातडं ताणलं, मासे धरायची दोरी बांधली— बायको अजून टब शोधतेय. त्याच्याशेजारी उभं राहून मोठमोठ्यांनी फोटो काढले. एक जण भाषणात म्हणाला, यात आपल्या मातीचा आत्मा आहे. टबात!

ओळखलं एकट्या तुझ्या बापाने. काठी टेकत आले, काचेवर टिचकी मारली, म्हणाले, "ओन्सारे, यात कपडे भिजव." बस्स. ना आरडाओरडा, ना तक्रार. मग दर महिन्याला यायचे, या पायरीवर बसायचे, मी चहा द्यायचो, दोघंही फाटकाकडे बघत बसायचो— तीन वर्षं. या महिन्यात आले नाहीत तेव्हा मी त्यांचा कप धुऊन ठेवला होता. ठेवला होता आपला, उगीच.

अशी बघू नकोस गं. शिव्या दे हवं तर. शुक्रवारी काय वाजवणार? हा टब देऊ? …नको, बरोबर आहे, नकोच.

ही बघ, बाहेर जाणाऱ्या वस्तूंची वही. मी लपवत नाही. समितीला तीनदा दाखवली, तिन्ही वेळा वही स्वच्छ ठेवल्याबद्दल शाबासकी मिळाली. वाच. वस्तू— ओबोकानो, एक. कारण— ओल. बाहेर जाऊ दिलं— ओन्सारे, हो, सही माझीच. नेणाऱ्याचं नाव— "साहेब." कोणते साहेब? विचारलं नाही गं, गळ्यात ओळखपत्र होतं, बूट चकचकीत होते, आपण कसं विचारायचं?

जा आता, समितीची मंडळी येतील. जाताना पाहुण्यांच्या वहीत वेळ लिही. नाही, तिथे नाही, तो रकाना तुझा नाही, तो वस्तूंचा आहे— परत आल्याची तारीख. तो कोराच आहे.