दोन्ही चाके एकसाथ

ता. ९ नोव्हेंबर १९६४

मी, कारभारी सीताराम पोहरे, वय अंदाजे ६६ वर्षे, शिक्षण मराठी तिसरी, धंदा मोटार मिस्त्री, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, मी वीस वर्षे कापसाची लॉरी चालवली असून आता बाजाराच्या रस्त्यावर माझे मोटार दुरुस्तीचे दुकान आहे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आलो, हे लिहून घ्यावे. शेवटची एस.टी. साडेपाचला आहे.

आमच्या भागातील पाटील व जमीनदार उत्तमराव देवकर यांना मी ओळखतो. त्यांच्याकडे काळी मोटार आहे. ती दयाराम इंगळे चालवतो. परवा ता. ७ रोजी दुपारी चारच्या सुमारास मलकापूरच्या रस्त्याला, घाटाच्या उतारावर, ती मोटार वळणावर न वळता सरळ गेली. कडेला खडी फोडत बसलेल्या रुक्मिणीबाई जागीच मयत झाल्या. दयाराम अटकेत आहे. तो दारू प्यालेला होता, असे उत्तमरावांनी सांगितल्याचे समजते. दयारामने माझ्या दुकानात चहासुद्धा कधी अर्ध्या कपावर घेतलेला नाही. उत्तमराव काय पितात ते मला माहीत आहे, पण ते कोणी विचारले नाही.

श्रावणात उत्तमराव मुलाच्या सोयरिकीसाठी मोटारीने एका गावी गेले होते. पाऊस झालेला होता. काळ्या मातीत मोटार फसली. एक चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले आणि दुसरे उभेच राहिले. शेवटी मुलीच्या बापाचे बैल जुंपून मोटार ओढून काढली. ओट्यावरच्या बाया हसल्या. सोयरीक झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानी आले.

म्हणाले, "काऊन बे मिस्त्री, चाकं दोन अन् फिरते एकच? अर्धीच गाडी इकली काय मले कंपनीनं?"

मी म्हणालो, "मालक, ते तसंच असते. मांगच्या दोन चाकांमधात डिफरन्शियल असते."

त्यांना समजले नाही. समजावे अशी त्यांची तयारीही नव्हती. मी सांगितले की, मळणीत खळ्याच्या मधल्या मेढ्याजवळचा बैल थोडेच चालतो आणि कडेचा बैल लांबून फिरतो. वळणावर मोटारीची चाके तशीच चालतात. आतल्याला कमी चाल, बाहेरच्याला जास्त. ही सवड दातेरी चक्रांचा तो डबा देतो. त्याची खोड एवढीच की, ज्या चाकाला जमीन धरत नाही त्याच्याकडेच फिरणे पळते आणि धरलेले चाक थांबते. अशा वेळी हँडब्रेक अर्धा ओढावा. फिरणारे चाक अडते आणि दुसऱ्याला जोर मिळतो. नाहीतर चाकाखाली गोणपाट टाकावे. दयाराम तेथेच उभा होता. त्याला हे सर्व येत होते.

उत्तमराव म्हणाले, "गोणपाट टाकाले मी काय हमाल हो? दोन्ही चाकं एकसाथ फिरली पायजेत. ते डबडं डागून टाक."

मी म्हणालो, "मंग वळणावर सवड राह्यत नाही. चिखल चाकाले घसरू देते, डांबर देत नाही. गाडी सरळ पळन."

ते म्हणाले, "पळू दे. पाटलाची गाडी हाय, रस्ता वळन."

हे वाक्य त्यांनी माणसांसमोर म्हटले व हसले. ज्याला स्वतःच्या मोटारीच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही, त्याने असे हसावे. त्यानंतर दोन दिवसांनी डबा उघडून आतील चक्रे एकमेकांपासून सुटी फिरू नयेत असा गॅसचा जोड, म्हणजे वेल्डिंग, मारण्यात आला.

पुढे दयाराम दोनदा माझ्याकडे आला. मागचे टायर खरडून गुळगुळीत झाले होते. म्हणाला, "मिस्त्रीबाबा, गाडी वळूनच नाही राह्यली. घाटात भेव वाटते." त्याने मालकांना सांगितले होते. मालकांचे उत्तर, "गाडी वळत नसन तर तुह्ये हात वळव." मालकांनी जोड काढण्यास नकार दिला. नोकरी सोड, असे मी दयारामला म्हणालो नाही. त्याची बायको सिंधूताई काल दुकानी आली होती. बसून गेली.

माझे म्हणणे खोटे वाटल्यास पंचांसमक्ष मोटारीची मागची दोन्ही चाके उचलावी. इंजिन बंद ठेवून मोटार गिअरमध्ये टाकावी व एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलटे फिरले तर मी खोटा. चाक जागचे हललेच नाही तर उत्तमराव खोटे. याला इंग्रजी लागत नाही. चाक पाटलाला भीत नाही.

एस.टी. मिळेल का, असे मी दोनदा विचारले आहे. घरी बायको विमलबाई एकटी आहे.

जोड कोणी मारला, असे विचारल्यावरून सांगतो की, मी मारला. प्रथम मी नाही म्हणालो होतो. तेव्हा उत्तमराव माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "राहू दे बुढ्या, हात थरथरतात तुह्ये. हे खामगावच्या मिस्त्रीचं काम हाय." म्हणून मारला. गाडी वळणार नाही, हे मला माहीत होते. उत्तमरावांना सांगूनही कळले नव्हते, हा आमच्यातला फरक आहे. डबा उघडाल तेव्हा जोड पाहावा. मोटार दगडावर आपटली तरी तो कोठे उकललेला नसेल.

दयारामचा यात दोष नाही. शेवटची एस.टी. गेली तरी चालेल.

हा जबाब मला वाचून दाखवला. मीही बोट ठेवून सावकाश वाचला. मी सांगितले तसाच आहे. सही माझीच आहे. हात थरथरतो म्हणून वाकडी आली आहे.

कारभारी सीताराम पोहरे