हिरामनची सही

लिहून घ्याचं तं घ्या, पन माहं बोलनं सुधरवू नका. मी सुखदेव, लाखनीजवळच्या खेड्यातला, धंद्यानं सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅबखालच्या पाट्या ठोकता ठोकता जिंदगी गेली. पन जनम मामाच्या गावचा, अर्जुनीकडचा. तवा ते सारं भंडाराच होतं, मंग जिल्हा फुटला, ते गाव गोंदियात गेलं, आनि चार-पाच वर्सांनी बाहेरदेशी कामाले जाचं म्हनून मी पासपोर्ट काढाले नागपूरले गेलो तं खिडकीवरचा बाबू म्हने, दाखल्यात भंडारा, गाव गोंदियात, यातलं खरं कोनतं ते लिहून आन. दोनदा वापस आलो. तिसऱ्या खेपेले लाइनीत माह्या मागं एक मानूस उभा होता, तो बाबूले म्हने, साहेब, जिल्हा हालला, गाव जागेवरच हाय. बाबू हासला नि कागद घेतले. तो हिरामन, साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. तिथून आमची जोडी जमली.

एजंट एकच, मेडिकल एकाच दिवशी, विमान बी एकच. व्हिशावर दोघांचंही हेल्पर लिहून आलं. मी म्हनलं, अरे मी मिस्त्री हाय, एजंट म्हने तिकडे गेल्यावर बदलते. काय बदलते, जे व्हिशावर तेच कामाच्या कार्डावर, नि जे कार्डावर तेच काम, दोन वर्स. उतरल्याबरोबर कंपनीनं पासपोर्ट घेऊन कपाटात टाकले, दाही बोटांचे ठसे घेतले, कार्ड हातात दिलं. ते कार्ड जवळ नसलं का रस्त्यावर तुमी कोनीच नाही. काय सांगू तुम्हाले, मी मिस्त्री असून दुसऱ्याच्या हाताखाली लोखंड उचलत होतो आनि हिरामन माह्यावर हासे, म्हने मिस्त्रीसाहेब, पाटी धरा.

वर्स झालं नाही तं माह्या बहिनीचं लगन ठरलं. कंपनीचा नियम असा का मुदतीआधी सुट्टी पाहिजे तं सोबतच्या एका मजुरानं जामीन राहाचं, सही द्याची. जानारा वापस नाही आला तं सही देनाऱ्याची सुट्टी बंद, त्याची मुदत पुरी होयेपर्यंत पासपोर्ट कपाटातच. म्हनून कोनी कोनाले सही देत नसे. आता खरं म्हनजे सुट्टी आधी हिरामनले पाहिजे होती. त्याची माय घरी एकटी, तिले दिसनं कमी होऊन राहिलं होतं, भंडाऱ्याच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं होतं, नि बुढी म्हने पोरगा हात धरून नेईन तवाच जाईन. पन हिरामन म्हने, लगनाची तारीख थांबत नाही, तू आधी जा, दोन महिन्यानं ये नि माह्यासाठी सही दे, मंग मी निघतो. आनि त्यानं माह्या कागदावर सही केली. मी त्याले म्हनलं, येतो.

लगन झालं. मंग मी गेलोच नाही. तुमी विचारान काहून, तं दुसऱ्याइले मी सांगतो का बायको बिमार होती. ते लबाडी हाय. बायको चांगली धडधाकट होती. मले जावंसं वाटलं नाही, बस. घरचा भात, आपला तलाव, आपली बोली, सकाळी कोनी शिटी मारून उठवत नाही. पासपोर्टात वापस जाचा शिक्का होता, त्याच्यावर तारीख होती. आज जातो, उद्या जातो करता करता ती तारीख आली. त्या दिवशी आमच्या बांधीत रोवना होता. मी दिवसभर चिखलात वाकून धान लावत होतो आनि मले माहीत होतं का आज हिरामन अडकून राहिला. एक फोन नाही केला मी त्याले.

फोन त्याचाच आला, आठ दिवसांनी. शिव्या देईन म्हनून मी तयारीतच होतो. तो इतकंच म्हने, एकोडीले जाऊन मायले पाहून येजो, तिले सांगजो कंपनी सोडत नाही.

गेलो. कोनत्या तोंडानं गेलो ते माहं मले माहीत. बुढीनं चहा केला, पोराचा दोस्त आला म्हनून शेजारनीले बोलावून दाखवलं. मी म्हनलं, माय, चाल, डॉक्टराकडे मी नेतो. नाही म्हने, हिरामन येते. मंग दर महिन्याले जात राहिलो, आनि दर खेपेले पाहो, पहिले ती मले अंगनातून ओळखे, मंग दारातून, मंग मी बोललो का तवा. शेवटी जबरदस्तीनं नेलं भंडाऱ्याले. डॉक्टर म्हने काचबिंदू हाय, गेलेली नजर वापस येत नाही, सहा महिने आधी आनलं असतं तं होती तितकी वाचली असती. वापस एसटीनं निघालो. लाखनीच्या स्टँडवर गाडी थांबली तवा बुढी म्हने, सुखदेव, ज्यानं माह्या पोराले अडकवून ठेवलं, त्याच्या घरी माय नसंल का रे?

मी म्हनलं, असंल माय.

हिरामन दुसऱ्या रोवन्याच्या वक्ताले आला, मुदत पुरी करून. तिनं त्याचं तोंड हातानं चाचपून पाहिलं, नाक, कान, कपाळ, नि म्हने किती वाळला रे. मी कोपऱ्यात उभा होतो, मले रडू आवरेना. बाहेर आलो नि त्याच्या पायावर वाकलो, त्यानं पाय धरू नाही दिले. मी म्हनलं, मी आता अंदर जाऊन मायले खरं सांगतो, गुन्हा माहा हाय.

तं हिरामन म्हने, तिले सांगू नको. तुह्या आवाजाची तिले सवय झाली. आता तो बी काढून घेतो का तिच्याजवळून?

त्यानं दोन थापडा मारल्या असत्या तं बरं झालं असतं.

त्याले लय वर्स झाली. हिरामन मंग कुठं गेला नाही, घरची शेती करते. माह्यासंग चांगला बोलते, पन कागदावर सही कराची असली का गावातल्या दुसऱ्या कोनाले सांगते, मले नाही. बुढी आता ऐंशीच्या घरात हाय. पंधरा दिवस झाले नि मी गेलो नाही तं निरोप पाठवते. हे तुमी लिहा, छापा, पन एकोडीत कोनाले वाचून दाखवू नका. परवाच गेलो होतो. निघताना तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला, ठेवतेच ती दर खेपेले, आनि म्हने, जा बापा, तुह्यासारखा लेक सगळ्या मायांले भेटो.

मी हो म्हनलं नि सायकल काढली.