काटा सत्तावन्नावरच

नाही हो काका, झटकून काही होणार नाही, मी घरी दहादा झटकलाय — बिघडलाय तो. दिवाळीच्या आधी तुम्हीच दिलात, ह्याच दुकानातून. आज टाउनशिपपासून इथे टी. टी. नगरपर्यंत ऑटोत एका मांडीवर बाळ आणि एका मांडीवर काटा घेऊन आलेय, ऑटोवाला विचारत होता, दोघांपैकी आजारी कोण? कसा बिघडला? सांगते. रोज सकाळी बाळाला घेऊन मी ह्यावर उभी राहते, सत्तावन्न. काल सत्तावन्न, परवा सत्तावन्न, दोन महिने झाले, सत्तावन्न! त्यातून माझे बावन्न काढले की बाळ पाच किलो. साडेतीन महिन्यांचा होता तेव्हा पाच, बरोबर होतं, लस द्यायला नेला तेव्हा दवाखान्यातसुद्धा पाचच भरला. पण आता साडेपाचचा झाला, तरी पाच? आमचे हे उभे राहिले की बहात्तर दाखवतो, म्हणजे मोठ्या माणसांना मान आणि माझ्या बाळाशी वैर. अंगात घट्ट होतंय ते? ते झबलं धुवून आटलंय, काका. सगळीच आटलीत. भोपाळचं पाणीच तसलं.

दवाखान्यात? नको. — म्हणजे नेईन की, पण आधी काटा बघा. सासूबाईंचा अमरावतीहून फोन झाला, शुक्रवारपर्यंत वजन हललं नाही तर डब्याचं दूध सुरू करा, तुझ्या अंगावरच्या दुधात जोर नाही. जोर नाही म्हणे! तो पितो तेव्हा असा काही ओढतो की — जाऊ दे. हसू नका. तुम्ही ग्वाल्हेरचे, मराठी, म्हणून बोलतेय, नाहीतर एवढं हिंदीत मला जमलं नसतं.

थांबा, एकच वजन ठेवू नका, दोन-तीन ठेवा, आणि शिक्के दाखवा आधी. संशय नाही हो, आमच्या वन्संनी शिकवलंय. सुचेतावन्सं, आमच्या ह्यांची बहीण, आमच्याकडेच राहते, प्रयोगशाळेत सोयाबीनवर संशोधन करते. मी सातवी शिकलेली, पण मटार सोलता सोलता तिनं मला सगळं सांगितलंय. झाडात हजारो जीनं असतात, जनुकं म्हणतात ना ती, कुठलं किती काम करतंय ते मोजायचं. पण आज पान मोठं तोडलं, उद्या लहान, तर नुसत्या आकड्याला काय अर्थ? म्हणून एक न बदलणारं जीन शेजारी धरायचं आणि बाकीची त्याच्याशी ताडून बघायची. घर चालवणारी जीनं म्हणतात त्यांना, रोजची झाडलोट, रांधणं त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यातलंच एखादं डोळे मिटून धरतात. वन्संनीही धरलं. झाडांचं पाणी तोडलं तर बाकीची सगळी जीनं दुप्पट-तिप्पट! वन्सं नाचली, सगळ्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले. मग सर म्हणाले, ज्याच्याशी ताडलंस ते तपासलंस का? तपासलं, तर बाकीचं काही वाढलंच नव्हतं — हे बिचारं पाण्यावाचून खालावलं होतं! तीन दिवस जेवली नाही वन्सं. मग आठ जीनं घेऊन बसली, ओल्यात बघ, कोरड्यात बघ, पानात बघ, मुळात बघ — एक तर पानात अगदी शहाणं आणि मुळात वेडं — शेवटी दोन निघाली जागची न हलणारी, आता त्या दोघांची सरासरी धरते. मी म्हटलं, वन्सं, घर चालवणारीला कोण तपासतं? ती असतेच की.

ठेवा. वीस, वीस, दहा, पाच, दोन. सत्तावन्न. — बरोबर दाखवतोय. आणखी दोन ठेवा बघू. ठेवा हो! … एकोणसाठ.

हलतोय की.

म्हणजे काट्याला काही झालेलं नाही. म्हणजे बाळच — नाही, मी रडत नाहीये, बांगडी मागे सारत होते. सारखी कोपरापासून मनगटात येते, सोनारानं मोठीच दिलीय. हा ब्लाउजही दोनदा आत घेतला, आमच्या शिंप्याला अंदाजच नाही. — काय म्हणालात? माझं? बावन्न. सांगितलं की. केव्हा म्हणजे? काटा घेतला त्या दिवशी, इथेच, तुमच्यासमोर. रोज काय बघायचं त्यात, मी तीच की! मी काय लहान बाळ आहे वाढायला?

बरं, धरा ह्याला. मिशी ओढेल हं. चपला काढू? … उभी राहिले. वाचा तुम्हीच, मी वाकले की काटा हलतो.

पन्नास?

नीट बघा. … पन्नास. मग सत्तावन्नातून पन्नास — सात! काका, सात किलो! गुलामा, सात किलोचा झालास आणि आईला पत्ता नाही! फोन द्या, सासूबाईंना आत्ता — नाही, राहू दे, घरून करते. दोन महिने रोज रात्री ह्याच्या बरगड्या मोजत होते हो मी. …

काय? आज? सकाळी चहा घेतला. — चहाच. काल? काल हा रडत होता ना, मग ताटावरून उठले, मग… परवाचं काय विचारता? असं काय बघताय माझ्याकडे?

द्या त्याला इकडे. ऑटो थांबलाय बाहेर.