माय सोशिक नव्हती

पाळक साहेब, मंडळीतले वडीलधारे, मावश्यांनो, भावांनो, तुम्ही सगळे आलात. फाट्यावरची दुकानं बंद ठेवून आलात. माझ्या मायसाठी एवढी माणसं जमतील असं तिला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, मग चहा कोण टाकणार?

मला बोलता येईल की नाही, माहीत नव्हतं. घरून निघताना रडू येत होतं. पण मघापासून तुमची भाषणं ऐकतेय आणि रडू गेलं. आता राग आलाय. रागातच बोलते.

माय शांत होती, असं एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, सोशिक. तिसऱ्यांनी तर तिला गरीब गाय केलं. कोणाबद्दल बोलताय तुम्ही? विसरवाडी फाट्यावर भज्यांचं हॉटेल चालवणारी माझी माय शांत होती? बस थांब्यावरच्या पोरीला एक ट्रकवाला नको ते बोलला, तेव्हा पाण्याचा जग त्याच्या तोंडावर रिकामा करणारी बाई सोशिक होती? तिची शिवी इथल्या निम्म्या लोकांनी खाल्लीय. उरलेल्यांनी उंबऱ्यात उभं राहून ऐकलीय. मी तर रोज खाल्लीय, भाकरीबरोबर.

माय तापट होती. तोंडाची फटकळ होती. आणि ते तिला माहीत होतं. तुम्हाला तुमचं माहीत आहे का?

आपल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी मिटवून मग भाकर-प्याला घ्या, असं पाळक साहेब दर वेळी सांगतात. आपण दर वेळी माना डोलावतो. माय मान डोलवायची नाही, ती उठून जायची. आदल्या शनिवारी हॉटेल लवकर बंद करायची, हाताचा तेलाचा वास साबणाने घासून काढायची, भज्यांच्या पुड्या बांधायची आणि महिनाभरात ज्याला ज्याला बोलली, त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. मंगळवारपर्यंत पुन्हा कोणाशी तरी भांडलेली असायची.

तुम्ही हसायचात. आली माफीवाली, म्हणायचात. भजी मात्र खायचात.

मीही चिडायचे. एकदा म्हटलं, माय, दर महिन्याला माफी मागतेस आणि दर महिन्याला तेच करतेस, काय उपयोग? ती म्हणाली, "देव माले अजून घडी ऱ्हायना शे. त्याले घाई नई, मंग तुले काय घाई शे?" देव तिला अजून घडवतोय, म्हणे.

एकच दार तिच्यासाठी कधी उघडलं नाही. तिच्या सख्ख्या भावाचं. माझे मामा, मंडळीचे पंच, इथे पहिल्या रांगेत बसलेत. हार त्यांनीच आणलाय. मोठा आणलाय.

काय झालं होतं, ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कोणी बोलत नाही. मामांचा मुलगा त्याच्या बायकोला, माझ्या वहिनीला, मारायचा. मामा घरातच असायचे. शेवटी वहिनी एका सकाळी चालत आमच्या हॉटेलवर आली, ती आमच्याच घरी राहिली. ती आज मागे बसलीय. तिला विचारूनच मी बोलतेय. वहिनी आली त्याच्या पुढच्या रविवारी माय चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर मामांना म्हणाली, घरात सून मार खाते आणि तू इथं प्रार्थना चालवतोस. मध्ये दोन शिव्याही घातल्या. त्या मी इथे सांगत नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ती मामांच्या दारी पुडी घेऊन गेली. मी सोबत होते. बंद दारासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, मन्हं चुकनं. शब्द वाईट गयात. दार उघाड." आतून मामा म्हणाले, "ते खोटं व्हतं असं सांग, मंग उघाडस." माय म्हणाली, "खोटं नव्हतं."

पुडी ओट्यावर ठेवून आम्ही परत आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. वर्षभर जात राहिली. मामा, आतला दिवा आम्हाला दिसायचा.

आणि रविवारी प्याल्यांचं ताट कोण फिरवायचं? मामा. शेवटच्या बाकावर मायपुढे ताट आलं की ती नुसती मान हलवायची. भावाशी मिटलं नाही, म्हणून वर्षभर तिने प्याला घेतला नाही. मागे कुजबुज व्हायची, हिच्या मनात काहीतरी पाप आहे. कोणाच्या मनात? कोणी एकाने तरी मामांना विचारलं का, की तुमच्या हाताला ते ताट जड कसं होत नाही?

गेल्या आठवड्यात माय हॉटेलवरच कोसळली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. प्याला राहिला तो राहिलाच. त्याचा मला राग आहे, मामा. तुमचा आहे आणि माना डोलावणाऱ्या या सगळ्यांचाही आहे. तिला आज गरीब गाय करू नका. ती देवावर विश्वास ठेवणारी भांडकुदळ बाई होती, आणि तिच्यासारखी दुसरी मला इथे दिसत नाही.

आता माझं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी आज तुम्हाला चारचौघांत बोलले. म्हणून शनिवारी मी तुमच्या दारी येणार, पुडी घेऊन. बोलण्याच्या पद्धतीची माफी मागेन. जे बोलले त्याची मागणार नाही. तोवर राग जाईल असं वाटत नाही. मायचाही जायचा नाही, ती रागासकट यायची.

आता सगळे उभे राहू या. मायला गप्प बसणं कधी जमलं नाही, म्हणून थोडाच वेळ शांत राहू.

मामा, तेवढ्या वेळात तुम्ही दाराचं ठरवा.